यादीतून गाळलेला रकाना

१९४४ सालचा मे महिना, तारीख एकवीस, वार रविवार. जागा सांगली, एका वकिलांची माडीवरची खोली. मागणीची रक्कम तीनशे रुपये. हजर माणसं पाच : वकील, मुलीचे वडील, मुलीचा मामा, माझा मेहुणा आणि मी. जिच्या अब्रूबद्दल ही रक्कम मागितली होती ती मुलगी तिथे नव्हती. तिला मी तोवर पाहिलेलंही नव्हतं, अशी माझी समजूत होती.

मी तेव्हा साताऱ्यात मोजणी खात्यात कारकून होतो. आमच्या कामाचा पहिला नियम असा की आकडा एकटा लिहायचा नाही. साखळीचं टोक कोणी धरलं, पंच कोण होते, हे बुकात आल्याशिवाय ते माप धरत नाहीत. शेजारच्या शेताचा मालक म्हणाला की हद्द इथूनच जाते, तर त्याचं म्हणणं लिहून घ्यायचं, पण त्यावर दगड रोवायचा नाही. बांध सरकला तर फायदा त्याचाच असतो. नव्या उमेदवारांना मी हे शिकवत असे. एखाद्याने नुसता आकडा लिहून आणला तर सगळ्यांसमोर बुक परत फेकत असे. तेव्हा पुढे जे सांगतो आहे त्याला मला अज्ञान म्हणता येणार नाही.

यादीची कल्पना माझीच. लढाईच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी माझ्या थोरल्या भावाचा मुलगा पलटणीतून अठ्ठावीस दिवसांच्या रजेवर आला. त्यातले सहा दिवस येण्याजाण्यात गेले. उरलेल्या दिवसांत आम्ही त्याच्यासाठी मुली बघत फिरलो. कुठे देवक एकच निघालं, कुठे मुलीचं लग्न आधीच ठरलेलं, कुठे मुलगी दहा वर्षांची. परत जाताना तो मोटारीच्या खिडकीतून म्हणाला, "काका, अठरा घरं बघितली अन् अठरा घरी गूळशेंगा खाल्ल्या. बायकू न्हाई मिळाली, पण पोट लय दुखतंय."

सगळे हसले. मला मात्र तो हिशेब लागून राहिला. आमच्या नात्यागोत्यात घरटी एक माणूस पलटणीत. प्रत्येक जण असाच चार आठवड्यांसाठी येणार आणि असाच भटकणार. लग्नाच्या मुलामुलींची माहिती एका जागी असेल तर पहिल्या दिवशीच कळेल की कुठे जायचं आणि कुठे नाही.

मी एक जाड वही शिवून घेतली आणि अकरा रकाने आखले. अनुक्रमांक, गाव, घराणं, देवक, मामाचं गाव, वय, शिक्षण, जमीन, शेरा, माहिती कोणाकडून आणि शेवटचा रकाना खात्री केली की नाही. मोजणीच्या निमित्ताने मी गावोगाव जातच असे. संध्याकाळी चावडीवर किंवा एखाद्या ओसरीवर बसून मी माहिती घेई. लोक आनंदाने देत. "साहेब, आमच्या पोरीचं बी लिवा." पंधरा महिन्यांत एकशे बारा नावं झाली. मध्यस्थ लोक व्यंग लपवून लग्नं जमवतात असा माझा त्यांच्यावर राग होता. म्हणून मी शेऱ्याच्या रकान्यात चांगलं तेवढंच वाईटही लिहीत होतो, आणि त्याचा मला अभिमान होता.

अनुक्रमांक सदतीस. कडेगावच्या बाजूचं गाव, वय सोळा, शिक्षण मराठी तिसरी, जमीन बागायत सहा एकर, जिरायत अकरा. हे मला मुलीच्या वडिलांनी स्वतः सांगितलं होतं. पुढे थंडीत त्या भागातला एक गृहस्थ कचेरीच्या कामासाठी साताऱ्यास आला आणि आमच्या घरी जेवायला थांबला. वही बघता बघता त्याने सदतीस आकड्यावर बोट ठेवलं.

"ही पोर? साहेब, हिला फेफरं येतंय. गावात कुणाला बी इचारा."

मी लिहिलं, "फेफरे येतात असे कळते." दहाव्या रकान्यात त्या गृहस्थाचं नाव घातलं. अकराव्यात लिहिलं, "नाही".

तो गेल्यावर बायको खरकटं काढत म्हणाली, "अहो, त्या घराचं आणि ह्यांचं काही वाकडं आहे का?"

मी म्हणालो, "जेवायला बसलेला माणूस खोटं कशाला बोलेल?"

हे वाक्य मी त्यानंतर पुष्कळदा आठवलं आहे.

नंतर वही छापायची असं मनात आलं. एक वही एकाच घरी राहते, छापली तर गावोगाव जाईल. पण तेव्हा कागदावर कंट्रोल होता. साताऱ्यातले एक छापखानेवाले ओळखीचे होते. त्यांनी मोठा ताव पुढे केला.

"साहेब, एवढाच. दोन्ही बाजू छापतो, पण दुसरा ताव मागू नका. एकशे बारा ओळी आणि अकरा रकाने ह्यात बसत नाहीत. दोन रकाने काढा."

मी तिथेच बाकावर बसून पेन्सिल घेतली. अनुक्रमांक काढता येत नव्हता. देवक काढलं तर यादीचा उपयोग काय? जमीन तर सगळे आधी बघतात. शेवटी मी दहावा आणि अकरावा रकाना काढला. माझ्या मनात आलं, ते रकाने माझ्यापुरते आहेत, वाचणाऱ्याला त्याचं काय? एवढ्यानेही भागेना, तेव्हा शेरे लहान केले. "स्वभावाने शांत, स्वयंपाकात हुशार असे कळते" याचं "शांत, हुशार" झालं. "फेफरे येतात असे कळते" याचं "फेफरे" झालं. सगळ्या कामाला अर्धा तास लागला नसेल.

छापखानेवाल्यांनी मजकूर वाचला आणि चष्मा वर करून विचारलं, "हा सदतिसावा असाच घालू?"

"घाला. आहे ते आहे."

दोनशे प्रती काढल्या. वर ठळक अक्षरात यादीचं नाव आणि खाली संकलक म्हणून माझं नाव. पैसे घ्यायचे नाहीत असं आधीच ठरवलं होतं. मोजणीला जाईन त्या गावात आठ-दहा प्रती देत गेलो. लोक हात जोडून नमस्कार करत. एका सुभेदारांनी पाठीवर थाप मारली. ते दोन महिने मी फार सुखात होतो, हेही लिहिलं पाहिजे.

एप्रिलच्या शेवटी मुलीचे वडील साताऱ्यास आमच्या घरी आले. उन्हातून आले होते, पण पाणी घेतलं नाही. उंबऱ्याच्या आत आले नाहीत. खिशातून घडी केलेली यादी काढली आणि ओसरीवर ठेवली.

"साहेब, मला वाचता येत न्हाई. ह्यात माझ्या पोरीम्होरं काय लिवलंय ते तुमीच वाचा."

मी वाचलं.

त्यांनी सगळं सांगितलं. मुलीची सुपारी फुटली होती. मुलगा पलटणीत नाईक, रजेवर आलेला. साखरपुडा झाला, लग्नाची तिथी धरली. आठव्या दिवशी मुलाच्या चुलत्याने तालमीत ही यादी वाचली. दुसऱ्या दिवशी मुलाला दिलेला फेटा आणि नारळ परत आले. मुलगा रजा संपवून गेला.

"फेफरं येतंय असं तुमास्नी कोण बोललं?"

"मी माझ्या मनाचं लिहिलेलं नाही."

"ते कळलं. मग कुणाच्या मनाचं लिवलंय?"

मी म्हणालो की ज्याने विश्वासाने सांगितलं त्याचं नाव मला सांगता येणार नाही. बोलताना मला ते थोरपणाचं वाटलं. वास्तविक त्या गृहस्थाने नाव लपवायला सांगितलंच नव्हतं. मी लपवत होतो ते स्वतःला. नाव उच्चारलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता की तुम्ही खात्री केली का, आणि त्याचं उत्तर माझ्याच अक्षरात वहीत लिहिलेलं होतं.

"मी तुमास्नी माहिती दिली ती पोरीला घर मिळावं म्हून. छापायची हाय असं बोलला न्हाईत तुमी. बोलला असता तर दिली नसती." एवढं बोलून ते निघून गेले. बायको पाण्याचा तांब्या घेऊन तशीच दारात उभी होती.

दहा-बारा दिवसांनी नोटीस आली. मुलीचा मामा सांगलीत हळदीच्या पेठेत होता, त्याने तिथल्या वकिलांकडून लिहवून घेतली होती. अब्रुनुकसानी, तीनशे रुपये, आणि समजुतीने मिटवायचं असल्यास अमुक दिवशी यावं. माझा पगार तेव्हा महिन्याला पंचेचाळीस रुपये होता. मेहुणा सोबत आला. कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीला साताऱ्याहून सांगलीला पोचायला सगळा दिवस लागला. वाटेभर तो मला धीर देत होता.

"दाजी, सांगली संस्थान, आपण खालसातले, इंग्रजांच्या मुलखातले. त्यांचा कायदा आपल्याला कसा लागंल? हितं वकिलानं डोळं वटारलं तर आपण नदी वलांडली की झालं."

माडीवर गेल्यावर हेच तो वकिलांनाही म्हणाला. वकील हसले नाहीत. "फिर्याद साताऱ्यातच होईल. छापखाना तिथला, हे गृहस्थ तिथले, मुलीचं गाव त्याच जिल्ह्यातलं. मी फक्त कागद तयार केला आहे." मग माझ्याकडे वळले. "तुमचं म्हणणं काय?"

मी पिशवीतून वही काढली आणि सदतिसावी ओळ त्यांच्यापुढे केली. सगळी ओळ, अकराही रकाने. त्यांनी ती मोठ्याने वाचली. दहाव्या रकान्यातलं नाव येताच मामा ताडकन उठला.

"ह्यो? आरं, ह्याच्या पोराला आमी गेल्या दिवाळीत नकार दिला व्हता की!"

"आवं, खाली बसा," मुलीचे वडील म्हणाले.

"खाली कशाला बसू? साहेब, तुमी ह्याला इचारलं न्हाई, बाबा रं, तुझं काय पोट दुखतंय?"

मी म्हणालो, "नाही विचारलं."

"शेजाऱ्याच्या बोलण्यावर दगड रोवता व्हय तुमी मोजणीवालं?"

हा माणूस आमच्या खात्यात कधी नव्हता. तरी नेमकं तेच बोलला. मेहुणा संधी साधून म्हणाला, "मग झालं की. जो बोलला त्यालाच धरा. दाजींनी तर फकस्त लिवलं."

वकिलांनी वही मिटली. "बोलणारा एका ओसरीवर बोलला. छापून दोनशे घरी पाठवलं ह्यांनी. ऐकीव गोष्ट छापली म्हणजे ती स्वतः म्हटल्यासारखंच असतं. आणि ह्या वहीने तुमची बाजू बळकट होत नाही, उलट पडते. ऐकीव आहे हे तुम्हाला ठाऊक होतं, कोणाकडून हे ठाऊक होतं, खात्री नाही हेही ठाऊक होतं. तेवढंच नेमकं तुम्ही वगळलंत."

"कागद कमी होता," मी म्हणालो.

वकिलांनी टेबलावरच्या शाईच्या दौतीचं झाकण लावलं. ते लावल्याचा आवाज झाला तो मला अजून ऐकू येतो.

शेवटी मुलीचे वडील बोलले. "मला तीनशे नगं. अब्रूचं पैसं घेतलं तर पोर इकल्यागत व्हईल. ते कागूद गोळा करा. जेवढं वाटलं तेवढं समदं."

मी कबूल केलं. सुटलो असंच मला वाटलं. त्याच आठवड्यात पंधरा दिवसांची रजा घेतली आणि पिशवी घेऊन निघालो. प्रती कुठे किती दिल्या त्याची नोंद माझ्याकडे होती. पहिल्या पाच दिवसांत एकशे अकरा प्रती परत मिळाल्या. एक प्रत देवळाच्या भिंतीला खळीने चिकटवलेली होती, ती भिजवून काढली. एका ठिकाणी न्हाव्याने तिच्यावर वस्तरे पुसले होते. काही प्रतींतून तंबाखू गेली होती. प्रत्येक ठिकाणी लोक विचारत, का परत घेता? आणि मी प्रामाणिकपणे सांगत असे, सदतिसावी नोंद चुकीची आहे, त्या मुलीला फेफरं येत नाही.

सहाव्या दिवशी दुपारी एका घरी मी हेच सांगत होतो. घरात एक म्हातारी धान्य पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"लेका, तू म्हंतूस कुणाला फेफरं येत न्हाई?"

मी गाव आणि घराणं सांगितलं.

"मला वाचता येत न्हाई. माझ्या सुनंला येत न्हाई. त्यो कागूद आमी उतरंडीवर झाकाण म्हून ठिवलाय. त्या पोरीचं घर आन् फेफरं हे दोनी मी आता तुझ्याच तोंडनं एका जागी ऐकलं. किती गावं झाली तुझी?"

"चौदा."

"मग चौदा गावात सांगून आलास की रं."

मी पिशवी खाली ठेवली आणि तिच्या ओसरीवर बसलो. ज्यांना वाचता येत होतं त्यांच्यातल्या निम्म्यांनी ती ओळ पाहिलीही नसेल. ज्यांना येत नव्हतं त्यांना मी स्वतः चालत जाऊन सांगितलं होतं. पाच दिवस, भर उन्हात, आणि आपण भरपाई करतो आहोत अशा समजुतीने. त्या दिवसानंतर मी कोणाला कारण सांगितलं नाही. "यादी जुनी झाली, परत द्या," एवढंच म्हणत राहिलो. तेही खोटंच होतं, पण त्याने कोणाचं नुकसान होत नव्हतं.

रजेचे चार दिवस उरले असता मी मुलीच्या गावी गेलो. हे आधीच, वहीत ओळ लिहिण्यापूर्वीच करायचं होतं. वडील मळ्यात होते. मुलगी गोठ्यापाशी शेणी थापत होती. हात तसेच ठेवून ती उठली.

"तुमीच व्हय यादीवालं?"

मी हो म्हणालो. क्षमा मागायची म्हणून काही वाक्यं जुळवून आणली होती, त्यातलं एकही आठवेना. ती म्हणाली, "बसा. बा येतील." मग आपणच बोलू लागली.

"औंदाच्या आदल्या वर्साला गुऱ्हाळ चालू व्हतं. सोमवारचा उपास व्हता. चुलवणाम्होरं सकाळधरनं जळण घालत व्हते. दुपारी भोवळ येऊन पडले. पाणी मारलं, उठले, गूळ खाल्ला, पुन्यांदा जळण घालाया बसले. त्याच्या आदी न्हाई, त्याच्या मागनं न्हाई. तवा गुऱ्हाळावर आट-नऊ माणसं व्हती. समद्यांची नावं सांगू?"

मी नको म्हणालो.

"तुमी दोनदा आला व्हता गावात. एकदा आमच्या मळ्याची मोजणी केली. मी तुमास्नी पाणी दिल्यालं. साखळी मोजाया तुमी चार येळा इकडनं तिकडं गेला. मला एकदा बी इचारलं न्हाई."

तिने हे रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती कामाबद्दल बोलावं तसं बोलली. तिने पाणी दिल्याचं मला आठवत नव्हतं. मळ्याचं क्षेत्र मला आजही गुंठ्यापर्यंत आठवतं.

वडील आले. मी त्यांच्यापुढे हिशेब ठेवला. दोनशेपैकी एकशे त्रेसष्ट प्रती हाती आल्या, सदतीस प्रतींचा पत्ता नाही. हा आकडा सांगताना मी अडखळलो, पण त्यांच्या काही ध्यानात आलं नसावं. गोळा केलेल्या प्रती त्यांनी मला आपल्यासमोर चुलवणात टाकायला लावल्या. मग मी म्हणालो, तीनशे घेत नाही म्हणता, तरी साखरपुड्याला झालेला खर्च माझ्यामुळे वाया गेला, तेवढा घ्या. त्यांनी नाही म्हटलं. मुलगी आतून म्हणाली, "बा, घ्या. पंगत आपली गेलीया, त्यांची न्हाई." तेव्हा ते कबूल झाले. खर्च तिनेच तोंडपाठ सांगितला. गहू, गूळ, तूप, पत्रावळ्या, बँड नव्हता, हलगीवाल्यांचे दोन रुपये. एकूण शहात्तर रुपये आठ आणे.

ज्या गृहस्थाने ती गोष्ट मला सांगितली त्याच्याकडे मी गेलो नाही. त्याला दोष देणं सोपं होतं आणि मेहुणा पुढे वर्षभर ते करत राहिला. तो गृहस्थ खोटं बोलला असेल किंवा ऐकलं ते पुढे सांगत असेल. मी त्याला विचारलं नाही, म्हणून आजही मला ते ठाऊक नाही. वही मी जाळली नाही. एकशे अकरा घरांनी विश्वासाने सांगितलेलं त्यात होतं. ज्यांचं त्यांना एकेक पान परत द्यावं असं मनात आलं, पण एका पानावर चार-चार घरं होती. शेवटी कात्रीने ओळी कापून, त्या त्या गावी जाईन तसं, ज्याची त्याच्या हातात देत गेलो. त्याला तीन वर्षं लागली. काही जण हसले. एकाने ती चिठ्ठी पागोट्यात खोचली आणि विचारलं, "साहेब, आता जमवायचं कसं?" मी म्हणालो, "स्वतः जाऊन बघा."

त्या मुलीचं पुढे काय झालं हे मला ठाऊक आहे. ते मी इथे लिहीत नाही. गावाचं नाव, घराण्याचं नाव, त्या गृहस्थाचं नाव, हेही लिहिलेलं नाही. ही माहिती माझ्याकडे आली ती एका ठरावीक कामासाठी आणि तिचा मी एकदा काय उपयोग केला ते वर सांगितलंच आहे.

जून महिन्याच्या पगारातून आणि बायकोने साठवलेल्या पैशांतून मुलीच्या वडिलांना शहात्तर रुपये आठ आणे रोख दिले. त्यांनी अंगठा केला, साक्षीला मामाची सही झाली. सांगलीच्या वकिलांना नोटिशीचे आणि समजुतीच्या कागदाचे बारा रुपये मनिऑर्डरने पाठवले.